बांधावरचे तीन महिने

जत्रेस जाणाऱ्या माणसांचे आपल्या भाषेने तीन वर्ग पाडून ठेवले आहेत : हौशे, नवशे आणि गवशे. नवशा नवस फेडावयास जातो, गवशा काही गवसते का ते पाहावयास जातो आणि हौशा केवळ हौसेने जातो. खेळाच्या मैदानावरही हेच तीन वर्ग दिसतात. पोटासाठी अथवा पदकासाठी खेळणारा तो गवशा. शाळेचे, पलटणीचे किंवा गावाचे नाव राखावयास उतरणारा तो नवशा. उरला हौशा. त्याच्यामागे संघ नाही, डॉक्टर नाही, पगार तर नाहीच. तो जिंकला तर बातमी येत नाही. पडला तर चौकशीची सुरुवातच मुळी ‘कशाला गेला होता?’ या प्रश्नाने होते. अशा हौशी माणसास दुखापत होऊन तो जेव्हा मैदानाबाहेर बसतो, तेव्हा त्याचे नेमके काय हरवते, याचा विचार आपल्याकडे फारसा कोणी केलेला नाही. गेल्या श्रावणापासून तो करण्याची सक्ती आमच्यावर झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही ज्या खेळाचे वेड घेतले त्याचे नाव सायक्लोक्रॉस. नाव परके आहे आणि आपल्या देशात हा खेळ फारसा रुजलेलाही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रान्समध्ये आकारास आला. १९०२ साली तेथे त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५० साली पॅरिस येथे पहिली जागतिक स्पर्धा. तीत झाँ रोबिक हा, तीन वर्षांपूर्वीच टूर द फ्रान्स जिंकलेला, सायकलपटू विजयी झाला. त्याच्याही आधी, १९१० साली ती थोर शर्यत जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय या चिखलातल्या खेळास दिले होते, असे सांगतात. खेळाचे स्वरूप असे की, अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक फेरी आखावयाची. तीत गवत, चिखल, वाळू, अवघड चढ आणि मध्येच चाळीस सेंटिमीटर उंचीच्या आडव्या फळ्या. जेथे सायकल चालत नाही तेथे स्वाराने उतरावयाचे, सायकल उजव्या खांद्यावर घेऊन पळावयाचे आणि पलीकडे धावत्या पावलानेच पुन्हा बैठकीवर झेप घ्यावयाची. पुरुषांची मुख्य शर्यत सुमारे तासाभराची. मोसम थंडीचा.

हे वर्णन ऐकून पांढुर्ण्याच्या परिसरातला कोणताही जुना दूधवाला हसेल. पावसाळ्यात पांदणीतून सायकल काढणे म्हणजे दुसरे काय असते? आमची काळी कपाशीची माती एकदा ओली झाली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी बसते की सायकल जागच्या जागी खिळते. मग बाभळीच्या काटकीने माती खरवडावयाची, चार पावले ढकलावयाची, आणि अखेर हात टेकून सायकल खांद्यावर घ्यावयाची. नाल्यापलीकडच्या शाळांवर नेमणूक झालेल्या मास्तरांनी, टपाल वाटणाऱ्या पोस्टमनांनी आणि संत्र्याच्या बागांत राखणीला जाणाऱ्या पोरांनी हे वर्षानुवर्षे केले. मात्र त्यास खेळ म्हणावे हे कोणास सुचले नाही. आम्हीही नोकरीची पहिली काही वर्षे अशाच एका नाल्यापलीकडे काढली. तेव्हा जे कष्ट होते तेच पन्नाशीत हौस होऊन आमच्याकडे परत आले, एवढेच.

या परिसरात सायकलीचे वारे नागपुराहून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. नागपूर आमच्यापासून रस्त्याने शंभर किलोमीटरच्याही आत. तेव्हा तिथल्या गोष्टी आम्हांस घरच्याच वाटतात. त्यानंतर आमच्या गावातही सहा-सात जण रविवारी पहाटे निघू लागले. एक औषधविक्रेते, दोन शेतकऱ्यांची मुले, एक बँकेतले गृहस्थ, हंगामात संत्र्याच्या पेट्या भरावयास जाणारा आमचा एक माजी विद्यार्थी आणि आम्ही. डांबरी रस्त्याला लवकरच कंटाळलो आणि पांदणीत शिरलो. संत्र्याच्या बागेला वळसा, मग पांदण, मग नाला, नाल्यापलीकडे मुरमाड बरडीचा चढ आणि बांधावरून उडी मारून परत, अशी आमची फेरी. बक्षीस काही नाही. शेवटी येईल त्याने तर्री-पोह्यांचे पैसे द्यावयाचे, हा एकच नियम. आणि वयपरत्वे ते पैसे बहुधा आमच्याच खिशातून जात.

श्रावण सरत आला असता, पोळ्याच्या पाच दिवस आधी, नाल्याच्या उतारावर आमचे पुढचे चाक ओल्या गोट्यावरून निसटले. खांद्यावर पडलो. आवाज स्वतःसच ऐकू आला. नागपुरास छायाचित्र काढले तेव्हा उजव्या बाजूचे हासळीचे हाड मधोमध तुटलेले दिसले. शस्त्रक्रिया नको, हात झोळीत ठेवावा आणि तीन महिने खांद्यावर कसलेही ओझे घेऊ नये, असा निर्णय झाला.

हासळीचे हाड, ज्यास जत्रुक असेही म्हणतात, ते मोठे विलक्षण आहे. संपूर्ण हाताला धडाशी जोडणारा हाडाचा दुवा तो एवढाच. बाकी सारी जोडणी स्नायूंची. हात पुढे करून किंवा खांद्यावर पडले म्हणजे पडण्याचा सारा जोर याच बारीक हाडावर येतो, म्हणूनच सायकलस्वारांत ते वारंवार मोडते. आणि पाहा, आमच्या या खेळात सायकलीची आडवी नळी जेथे टेकवावयाची ती जागाही नेमकी त्याच्याच शेजारची. म्हणजे जे हाड मोडले त्यावाचून ही शर्यत धावताच येत नाही. सांधा धरण्याची रीत मात्र सावकाश. आधी तुटलेल्या जागी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ गाठ धरते, प्रौढ माणसात साधारण सहा ते बारा आठवड्यांत ती कठीण होते, आणि त्यानंतरही हाड आपला मूळचा आकार घ्यावयास कित्येक महिने घेते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली एक सिद्धान्त मांडला, तो असा की, हाडावर जसा भार पडत जाईल तशी त्याची घडण होत जाते. याचाच अर्थ असा की हाडाला कायमची विश्रांतीही मानवत नाही. आधी भार नको आणि मग भार हवा; केव्हा नको आणि केव्हा हवा, हीच सारी विद्या.

येथे एक गृहोपयोगी सूचना केल्यावाचून राहवत नाही. हाड मोडले म्हणजे आमच्याकडे अजूनही पहिला मोर्चा चोळणाऱ्याकडे वळतो. मुरगळलेल्या पायास त्याने काय गुण येतो तो येवो. परंतु छायाचित्र काढल्यावाचून तुटलेल्या हाडावर हात चालवू देणे म्हणजे सरकलेले टोक नसेत किंवा रक्तवाहिनीत घुसविण्यास निमंत्रण देणे होय. आमच्याकडेही दोघे हितचिंतक तेलाची बाटली घेऊन आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठविले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. विदर्भातील व आमच्या या पट्ट्यातील वाचकांस ती सांगावयास नको. इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगतो. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा त्या संध्याकाळी तूप किंवा लोणी आणि हळद लावून शेकतात, चोळतात. दुसऱ्या दिवशी बैलास जुंपावयाचे नाही. त्याने सजावे, मिरवावे, पुरणपोळी खावी. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, तरी ज्यांच्या दारी जोडी आहे ते हे चुकवीत नाहीत. हात झोळीत घालून आम्ही त्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गोठ्याशी उभे होतो. म्हातारे शेतकरी गृहस्थ बैलाच्या खांद्यावरचा घट्टा अंगठ्याने दाबून पाहत होते. कोठे दुखते ते बैल सांगत नाही, तरी त्याच्या कातडीच्या थरथरीवरून ते त्यांना कळत होते. खांद्यालाही विश्रांतीचा हक्क आहे, हे आमच्या समाजाने फार पूर्वी मान्य केलेले आहे. फक्त तो हक्क बैलाला दिला, माणसाला दिला नाही, असे त्या वेळी मनात आले.

कारण पोळ्याचा दुसरा दिवस गोटमारीचा. पांढुर्ण्याचे नाव बाहेरच्या जगास ठाऊक आहे ते बहुतांशी या एका दिवसामुळे. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यास झेंडा बांधतात. पांढुर्णेकरांनी तो तोडून आणावयाचा, सावरगावकरांनी गोटे मारून त्यांना अडवावयाचे. या प्रथेची कहाणी एका प्रेमी जोडप्याची सांगतात. तिचे निरनिराळे पाठ आहेत. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी मृत्यूही झाले आहेत. गोट्यांच्या जागी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग शासनाने करून पाहिला, तो टिकला नाही. गोटमार योग्य की अयोग्य, या वादात आज शिरावयाचे नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि आमचे मत शाळेतील मुलांना ठाऊक आहे. येथे मुद्दा निराळा आहे. गोटमारीत ज्याचे डोके फुटते तो चंडीमातेची विभूती लावून, पट्टी बांधून पुन्हा नदीत उतरतो, आणि त्याचे गावभर कौतुक होते. पट्टी बांधून घरी गेला त्याचे नाव कोणी घेत नाही. पडून लगेच उठणाऱ्यास आमच्याकडे मान आहे. पडून तीन महिने बसावे लागते त्याच्यासाठी मात्र आमच्याजवळ शब्दच नाही. कबड्डीच्या आखाड्यात, कुस्तीच्या हौद्यात, शंकरपटाच्या धावपट्टीवर, सर्वत्र हाच न्याय. गुडघ्याला फडके बांधून खेळलेला गडी शूर, आणि बांधावर बसलेला गडी संपलेला.

बसून राहणे म्हणजे काय, ते आता थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात वेदनेची सोबत असते, त्यामुळे वेळ जातो. खरी अडचण तिसऱ्या आठवड्यापासून. वेदना ओसरते, शरीर बरे वाटू लागते, परंतु हाड अद्याप मऊ असते. झोळीत बांधलेल्या हाताची शक्ती पहिल्या आठ-दहा दिवसांतच उतरणीला लागते. दमसास दोन-तीन आठवड्यांनंतर लक्षात येईल इतका कमी होतो. शाळेच्या माडीवर चढताना आम्हांस धाप लागली तेव्हा वर्गातली मुले एकमेकांकडे पाहू लागली. हाडाचे घड्याळ सावकाश चालते आणि स्नायूचे उलट्या दिशेने. विशीतल्या मुलाचे गेलेले बळ लवकर परत येते. पंचावन्नाव्या वर्षी गेलेले बळ किती परत येईल याची खात्री कोणी देत नाही. व्यवसायी खेळाडू एक हंगाम गमावतो. आमच्या वयाच्या हौशी माणसापुढे प्रश्न असतो तो, आणखी किती हंगाम शिल्लक होते आणि त्यांतला हा कितवा, असा.

घरात या प्रश्नाची दखल कोणी घेत नाही, आणि त्यात घरच्यांचा दोष नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी मनापासून शुश्रूषा केली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अहो, सुटले एकदाचे म्हणा! आता ती सायकल माळ्यावर टाका.” मुलगा पुण्यास नोकरीला असतो, त्याने दूरध्वनीवरून जगातील सर्व अपघातांची आकडेवारी ऐकविली. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. त्या तेवढ्या निराळे बोलल्या. सौसरजवळ जामसावळी येथे मारुतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. तेथील मूर्ती उभी नाही, निजलेली आहे, आणि दुखण्याखुपण्याने गांजलेली माणसे तेथे रीघ लावतात. आई म्हणाल्या, “अरे, जामसावळीचा मारुतीराय केव्हाचा निजून आहे. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. तुलाच तीन महिने जड झाले होय?” आमच्या आजारपणात मिळालेले सर्वांत शहाणपणाचे वाक्य ते हेच.

जे या खेळात शिखरावर आहेत त्यांनाही हे बसणे चुकलेले नाही. नेदरलँड्सच्या मारियान व्हॉस या सायकलपटूने २००६ साली आणि नंतर २००९ ते २०१४ अशी ओळीने सहा वर्षे, मिळून सात वेळा सायक्लोक्रॉसचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. २०१५ साली मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने आणि अतिश्रमाच्या थकव्याने तिला बहुतेक हंगाम बसून काढावा लागला. ती परतली, परंतु आठवे अजिंक्यपद हाती यावयास २०२२ साल उजाडले. बेल्जमचा वाऊट व्हान आर्ट २०१६ ते २०१८ सलग तीन वर्षे जगज्जेता होता. जुलै २०१९ मध्ये टूर द फ्रान्समध्ये तो कठड्यावर आदळला आणि त्याची मांडी खोलवर फाटली. डिसेंबरच्या अखेरीस तो चिखलातल्या पहिल्या शर्यतीस उभा राहिला आणि पाचवा आला. पाचव्या क्रमांकावर त्याच्या देशात जणू उत्सव झाला. आम्हांस यातील मौज वाटते ती अशी की, त्याच्यासाठी पाच महिने मोजणारी माणसे होती. आज किती अंशांत गुडघा वाकतो, उद्या किती मिनिटे सायकल फिरवावी, हे कोणीतरी वहीत लिहीत होते. हौशी माणसाची वही कोण लिहिणार? आम्ही शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या मागच्या पानांवर स्वतःच ती लिहू लागलो : ‘हात खांद्याच्या पातळीपर्यंत. डावीकडून शर्ट घालता आला.’ लिहिले की दिवस वाया गेला नाही असे वाटते.

दुखापतीचा विषय निघाला की श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव निघतेच, आणि ते निघालेच पाहिजे. सांगली जिल्ह्यात जन्मलेले पेटकर सैन्यात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली लुळे पडले. मुष्टियुद्ध संपले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळावयास २०१८ साल यावे लागले. हे चरित्र कोणासही नतमस्तक करील असेच आहे. परंतु प्रत्येक जखमी पोरापुढे ते छडीसारखे उगारण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. आम्ही झोळीत हात घालून बसलो असता तिघांनी आम्हांस पेटकर सांगितले. १९६५ आणि १९७२ यांमध्ये सात वर्षे आहेत, त्या सात वर्षांबद्दल मात्र तिघांपैकी एकही बोलला नाही. सुवर्णपदक सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीचे रुग्णालय कोणाला नको आहे.

आता आमच्या त्या माजी विद्यार्थ्याविषयी. आम्ही पडल्यानंतर महिन्याभराने, बांधावरून उडी घेताना, त्याचा गुडघा आतल्या आत फिरला. सूज आली, चार दिवसांत उतरली, आणि तो कामावर गेला. आंब्या बहाराच्या संत्र्यांचा हंगाम तोंडावर होता. पेट्या भरावयाच्या, उचलावयाच्या, ट्रकवर चढवावयाच्या. आम्ही त्याला बोलावून सांगितले, ‘बाबा, आधी गुडघा दाखव.’ तो शाळेत असताना बोलत असे तसाच खाली मान घालून बोलला, “सर, तुमी बसून रायले तं पगार येते. मी बसून रायलो तं पेटी कोन उचलीन?” यावर एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाजवळ उत्तर नव्हते. आमची वैद्यकीय रजा मंजूर झालेली होती. आम्ही ज्यास दुःख म्हणून कुरवाळीत होतो ते त्याच्या दृष्टीने चैनीत मोडत होते.

तीन आठवड्यांनी ट्रकच्या फळीवरून उतरताना तोच गुडघा पुन्हा निसटला. या वेळी नागपुरास नेले. गुडघ्याच्या आत जो पुढचा अस्थिबंध असतो, डॉक्टर ज्यास लिगामेंट म्हणतात, तो पूर्ण तुटला होता. हाड जुळून येते. हा बंध पुरता तुटला तर बहुधा आपला आपण जुळत नाही. खेळावयाचे किंवा ओझी उचलावयाची तर शस्त्रक्रिया करून नवा बसवावा लागतो, आणि त्यानंतर नऊ महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो. कबड्डीच्या गड्यांत ही दुखापत खेड्याखेड्यांतून आहे. पाय ‘निसटतो’ एवढेच ते सांगतात, फडके बांधतात, खेळतात, आणि तिशीत जिना चढताना कठडा धरतात. रविवारच्या मंडळींनी वर्गणी केली. त्याने ती उसनी म्हणून घेतली, आकडा वहीत लिहून ठेवला आणि आमच्याकडून त्यावर सही घेतली. शस्त्रक्रिया झाली. सध्या तो औषधविक्रेत्या स्नेह्यांच्या दुकानात हिशेब पाहतो. पगार पेट्यांपेक्षा कमी आहे, पण बसून करण्याचे काम आहे.

मार्गशीर्षात आमची झोळी सुटली होती, परंतु सायकल खांद्यावर घेण्याची परवानगी नव्हती. थंडी पडली, नाल्याचे पाणी उतरले, रविवारची फेरी पुन्हा जोरात सुरू झाली. युरोपातल्या शर्यतीत मार्गाच्या एका बाजूस एक राखीव जागा असते. चिखलाने जड झालेली सायकल स्वार तेथे टाकतो आणि धुतलेली दुसरी घेऊन पुढे जातो. तो फेरी मारून येईपर्यंत मदतनीस पहिली धुऊन, तेल घालून उभी करतो. चिखल फार असला तर प्रत्येक फेरीत सायकल बदलावी लागते, आणि शर्यत तेथे हरता किंवा जिंकता येते. आमच्याजवळ दुसऱ्या सायकली नाहीत. तरी आम्ही नाल्याच्या काठी दोन बादल्या, एक घासणी आणि बाभळीच्या काटक्या घेऊन बसू लागलो. कोणी आला की डाव्या हाताने चाक फिरवावयाचे, उजव्या हाताने जमेल तेवढी माती काढावयाची. वीस सेकंदांचे काम.

तेथे बसल्यावर असे काही दिसू लागले जे आजवर पाठीमागे राहत असे. पुढे धावणाऱ्यास फक्त पुढचा दिसतो. काठावर बसलेल्यास सर्व दिसतात, आणि शेवटचा सर्वांत अधिक वेळ दिसतो. बँकेतले गृहस्थ नाला ओलांडताना दर वेळी डोळे मिटतात, हे इतक्या वर्षांत आम्हांस ठाऊक नव्हते. शेतकऱ्याच्या मुलांपैकी धाकटा थोरल्यास मुद्दाम पुढे जाऊ देतो. आणि शेवटी कोण येतो, तर आता आम्ही नसल्यामुळे औषधविक्रेते. ते तर्री-पोह्यांचे पैसे देताना कुरकुर करतात.

पौषात छायाचित्र पुन्हा काढले. हाड जुळले आहे, जागेवर बोराएवढी गाठ आहे, ती हाताला लागते. डांबरी रस्त्यावर सायकल चालविण्यास हरकत नाही, पांदणीत उतरावयास अजून दोन महिने थांबा, असे सांगण्यात आले. सौभाग्यवतींना आम्ही यातला पहिला अर्धाच सांगितला. दुसरा त्यांनी कागदावर स्वतः वाचला.

गेल्या रविवारी आमचा विद्यार्थी पहिल्यांदा काठीवाचून नाल्यावर आला. काही न बोलता त्याने आमच्या हातातली घासणी घेतली आणि बादलीपाशी बसला, शस्त्रक्रियेचा पाय लांब करून. पहिली फेरी आली, दुसरी आली. चाके तो आमच्यापेक्षा पुष्कळ लवकर धुतो. तिसऱ्या फेरीला शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाने सायकल त्याच्यापुढे धरली आणि थट्टेत म्हणाला, “बस ना, एक चक्कर मार.” त्याने सायकलीच्या बैठकीवर हात ठेवला, ती किती उंच आहे हे अंदाजले, आणि म्हणाला, “हे माह्यासाठी दोन बोटं खाली घ्या लागते.” मग चाक फिरवून राहिलेली माती काढली आणि सायकल परत दिली. पान्हा कोणाकडे आहे, असे त्याने निघताना आम्हांस विचारले. आमच्याकडे आहे.